पचनमार्गाच्या स्लाईड्स: मटणाच्या दुकानापासून मायक्रोस्कोपपर्यंत

दरवर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी आठ दिवस मुलं लॅबमध्ये येऊन बसतात आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, सर लहान आतड्याचे तीन भाग, ड्युओडेनम, जेजुनम, इलियम, तिन्ही सारखेच दिसतात हो, ओळखायचे कसे. मी विचारतो लेन्स कुठली लावलीय, तर उत्तर ठरलेलं, फॉर्टी एक्स, म्हणजे चाळीसपट मोठं दाखवणारी. अरे बाबांनो, वाळूला नाक टेकवून तारकर्लीचा किनारा कुठला आणि देवबागचा कुठला हे सांगता येईल का, त्यासाठी जरा लांबून, होडीतनं बघायला लागतं. पचनमार्गाची स्लाईडही तशीच, आधी अख्खी भिंत बघायची, पेशी नंतर. या लेखात पुढे जे काही आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

मी सिंधुदुर्गात मालवणच्या बाजूला झूलॉजीच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे स्लाईड बघायची कशी हे तर सांगतोच पण बनवायची कशी हेही सांगतो, कारण विकतच्या स्लाईडवर शिकलेला मुलगा आणि स्वतः एक तरी आतडं कापून रंगवलेला मुलगा यांच्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. नर्सिंग, डीएमएलटी, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही बघायचा भाग तेवढाच उपयोगी आहे, बनवायचा भाग नको असेल तर सरळ खाली उतरा.

तुकडा आणायचा कुठून

यासाठी कुठलाही प्राणी मारायची गरज नाही, मटणाच्या दुकानात बोकडाचं सगळं मिळतं. फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "आतडी कित्याक होयी ओ सर, वजडी साफ केलेली आसा ती न्हेयात." आणि मी शहाण्यासारखी ती साफ केलेली वजडी घेऊन आलो. स्लाईड झाली तेव्हा आतल्या अस्तराचा पत्ताच नव्हता, कारण वजडी साफ करताना गरम पाणी आणि चुना लावून खरवडतात आणि आपल्याला जे बघायचं असतं तेच आधी निघून जातं. तेव्हा न धुतलेलं, न खरवडलेलं आतडं पाहिजे असं स्पष्ट सांगा, आणि फॉर्मालिनची बाटली सोबत घेऊनच जा. लॅबमध्ये आल्यावर बघू असं म्हणायचं नाही. आतड्यात पाचकरसही असतो आणि जंतूही, प्राणी मेल्यावर ते आतड्यालाच पचवायला लागतात, आतल्या अस्तरावर उठलेल्या बारीक बोटांची, म्हणजे व्हिलायची, टोकं सगळ्यात आधी झडतात. मे महिन्यातल्या दुपारी अर्धा तास सुद्धा जास्त होतो.

मीठपाण्यानं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ, हलकेच खळबळून घ्या, नळाखाली धरू नका आणि बोटानं तर अजिबात पुसू नका. लहान आतड्याची सेंटीमीटरभर कडी कापली की पुरे. जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा उघडून थर्माकोलवर आतली बाजू वर करून टाचण्या मारा नाहीतर तो फॉर्मालिनमध्ये वाळल्या पानासारखा गुंडाळतो. तुकड्याची जाडी ३ ते ५ मिलिमीटर, त्याहून जाड ठेवला तर मध्यापर्यंत फॉर्मालिन वेळेत पोचत नाही.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा नाहीतर पुस्तकातलं चित्र आणि तुमची स्लाईड जुळणार नाही आणि तुम्ही स्वतःलाच दोष द्याल. बोकड रवंथ करणारा प्राणी, त्याच्या पोटाला चार कप्पे, आणि आम्लाच्या ग्रंथी फक्त चौथ्या कप्प्यात म्हणजे अबोमेसममध्ये. टॉवेलसारखी दिसते ती वजडी म्हणजे पहिला कप्पा, रूमेन, तिथं ग्रंथीच नाहीत, वर कडक, अनेक थरांचं आवरण असतं. माणसाच्या जठरासारखं काही बघायचं तर अबोमेसमच पाहिजे. अन्ननलिकेतही गंमत आहे, ती पुढे येईल.

फॉर्मालिन, अल्कोहोल, मेण

बाजारातलं फॉर्मालिन १ भाग आणि पाणी ९ भाग, त्यात लिटरमागे सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम टाकलं की बफर फॉर्मालिन तयार. तुकड्याच्या किमान दहापट द्रव पाहिजे, बाटलीत कैरीचं लोणचं भरल्यासारखे तुकडे ठासू नका. २४ तास ठेवा. ग्लोव्हज घाला आणि खिडकी उघडी ठेवा, फॉर्मल्डिहाइड कॅन्सरकारक यादीत आहे, नुसतं डोळे चुरचुरतात म्हणून काळजी घ्यायची असं नाही.

मग पाणी काढायचं. ७०, ८०, ९५ आणि मग १०० टक्के अल्कोहोल, शंभरचे दोन तरी बदल, प्रत्येकात साधारण तासभर, मग झायलीनचे दोन बदल, मग ५८ ते ६० अंशांच्या वितळलेल्या मेणाचे दोन-तीन. पुस्तकात हे असंच लिहिलेलं असतं आणि पुणे-नाशिककडे ते असंच चालत असेल. आमच्याकडे जुलैत नाही चालत. हवेत इतका दमटपणा की उघड्या बाटलीतलं शंभर टक्केवालं अल्कोहोल गुपचूप पाणी पीत बसतं, लेबलवर शंभर आणि आत प्रत्यक्षात काहीतरी कमी. एका पावसाळ्यात मीच झाकण नीट न लावता गेलो, दुसऱ्या दिवशी तुकडे झायलीनमध्ये टाकले आणि झायलीन दुधासारखं पांढरं झालं, सोलकढीला लाज आणेल असं. पांढरं झालं म्हणजे पाणी राहिलं, तुकडे परत अल्कोहोलमध्ये न्यायचे, पुढे रेटायचं नाही. मी रेटलं. अख्खी बॅच गेली, मेण आतच शिरलं नाही आणि कापताना मधला भाग टपाटप गळून पडला. तेव्हापासून शेवटच्या अल्कोहोलच्या बाटलीत तळाला निर्जल कॉपर सल्फेट ठेवतो, वर फिल्टर पेपर. ते पांढरं असतं, पाणी लागलं की निळं होतं. निळं दिसलं की ते अल्कोहोल खालच्या टप्प्याला वापरायचं, इथं नाही.

मेणात बसवताना तुकडा उभा बसवायचा, म्हणजे सुरी आतल्या अस्तरापासून बाहेरच्या आवरणापर्यंत सगळे थर एका कापात घेईल. आडवा बसला तर काय होतं? भाताचा तरवा आठवा. बाजूनं बघितला तर एकेक रोप उभं दिसतं, पण वरच्या वर विळा फिरवून वरनं बघितलं तर नुसते ठिपके. व्हिलाय आडवे कापले गेले की स्लाईडवर गोल गोल बेटं दिसतात आणि मुलं त्यांना ग्रंथी समजतात. लांबलचक बारीक आतडं एकाच ब्लॉकमध्ये बघायचं असेल, उंदराचं वगैरे, तर ते उभं चिरून अळूवडीसारखं गुंडाळायचं आणि वडी कापतो तसं कापायचं, एका कापात आतड्याची बरीच लांबी दिसते. ही पद्धत जगभर वापरतात, तिकडे तिला स्विस रोल म्हणतात, आम्ही लॅबमध्ये अळूवडीच म्हणतो.

कापणं आणि रंगवणं

मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर, ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन धरला तर त्याच्या जाडीत असे चौदा-पंधरा काप बसतील, यावरून अंदाज करा. उन्हाळ्यात मेण मऊ पडतं आणि रिबन सुरकुतते, त्यावर उपाय म्हणजे बर्फ. बंदरावर बर्फाची लादी मिळतेच, फुटलेले तुकडे पिशवीभर आणायचे आणि ब्लॉक त्यावर तोंड खाली करून पाच-दहा मिनिटं ठेवायचा. लॅबला बांगड्याचा वास येतो, येऊ दे. काप ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यावर सोडायचे, पसरले की स्लाईडवर उचलायचे आणि नीट वाळवायचे.

रंगवणं म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग. मेण झायलीननं काढा, उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात आणा, हॅरिसचं हिमॅटॉक्सिलिन पाच मिनिटं, धुवा, एक टक्का ॲसिड अल्कोहोलमध्ये एकदाच बुचकळा, लगेच धुवा. आता ब्लूइंग, आणि इथं आमच्याकडे घोळ होतो. पुस्तक म्हणतं वाहत्या नळाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, लालसर जांभळा रंग निळा होईल. तो निळा होतो ते पाणी किंचित अल्कली असतं म्हणून. आमच्या जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी उलट बाजूचं, किंचित आम्लधर्मी, त्यात अर्धा तास ठेवलं तरी न्यूक्लिअस जांभळाच्या रसात बुडवल्यासारखे लालसरच. मला दोन वर्षं वाटायचं की हिमॅटॉक्सिलिनच जुनं झालंय. उपाय अगदी स्वस्त आहे, लिटरभर पाण्यात साडेतीन ग्रॅम खायचा सोडा आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, याला स्कॉटचं पाणी म्हणतात, दोन मिनिटांत निळं. नंतर साध्या पाण्यानं धुवा, इओसिन मिनिट-दीड मिनिट, चढतं अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स म्हणजे काच चिकटवायचा डिंक, कव्हरस्लिप. झालं. न्यूक्लिअस निळेजांभळे, बाकी सगळं कोकम सरबताच्या कमीजास्त छटांचं.

आता बघायचं. आणि फोर एक्सवर

आधी तर स्लाईड मायक्रोस्कोपखाली नेऊच नका. उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. एका कडेला जांभळट झालर दिसेल ती आतली बाजू, दुसऱ्या कडेला गुलाबी पट्टा दिसेल तो स्नायूंचा. मग फोर एक्स. साध्या टेन एक्स आयपीसवर फील्ड नंबर १८ लिहिलेला असेल तर फोर एक्सला साडेचार मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं, फॉर्टी एक्सला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. माणसाचा व्हिलसच अर्धा ते एक मिलिमीटर उंच असतो, म्हणजे फॉर्टी एक्सवर तुम्हाला अख्खा व्हिलससुद्धा मिळत नाही, भिंत कुठली दिसायला.

अन्ननलिकेपासून गुदापर्यंत भिंतीला चारच थर. आतून बाहेर: म्युकोसा म्हणजे आतलं अस्तर, सबम्युकोसा म्हणजे त्याखालचा थर, मस्क्युलॅरिस म्हणजे स्नायूंचा थर, आणि शेवटी सिरोसा (गुळगुळीत बाहेरचं आवरण) किंवा ॲडव्हेंटिशिया (शेजारच्या अवयवांना जोडणारी सैल ऊती). म्युकोसाचे परत तीन भाग, वरचं एपिथेलियम, त्याखाली लॅमिना प्रोप्रियाची सैल ऊती, आणि तळाला मस्क्युलॅरिस म्युकोसी नावाची स्नायूंची बारीक पट्टी. ही बारीक पट्टी शोधायची सवय लावा. म्युकोसा कुठे संपला आणि सबम्युकोसा कुठे सुरू झाला हे तीच सांगते आणि पुढची अर्धी उत्तरं त्यावरच आहेत.

स्नायूंच्या थरात आतला गोलाकार, बाहेरचा लांबीच्या दिशेचा. व्हायवात हमखास विचारतात की मग गोलाकार थराच्या पेशी लांबट का दिसतात आणि लांबीच्या थराचे नुसते ठिपके का. काथ्याची दोरी घ्या, आडवी कापली तर तोंडाला ठिपके, उभी चिरली तर धागे. आतडं आडवं कापलं की लांबीचे स्नायू आडवे कापले जातात म्हणून ठिपके, गोलाकारवाले त्यांच्या लांबीत कापले जातात म्हणून धागे. एवढंच. या दोन थरांच्या मधे फिकट मोठ्या पेशींचे छोटे पुंजके दिसले तर ते ऑरबाखचं चेतातंतूंचं जाळं, सबम्युकोसात असतं ते माइसनरचं.

आता प्रश्न विचारत जायचं, आणि याच क्रमानं.

पहिला प्रश्न, वरचं आवरण चपट्या पेशींच्या अनेक थरांचं आहे की उभ्या पेशींच्या एकाच थराचं? अनेक थरांचं असेल तर अन्ननलिका, नाहीतर अगदी शेवटचा गुदमार्ग. माणसात अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर, वरच्या तिसऱ्या भागात पट्टेदार स्नायू, मधे मिश्र, खाली गुळगुळीत, म्हणून स्नायू बघून भाग सांगता येतो. पण तुमची स्लाईड बोकडाची असेल तर हा नियम गुंडाळून ठेवा, रवंथ करणाऱ्यांत शेवटपर्यंत पट्टेदारच असतात आणि वरचं आवरणही कडक, केराटिनवालं असतं. स्लाईडवर प्राण्याचं नाव का लिहायचं ते इथं कळतं. अन्ननलिका बहुतेक सगळी छातीत, म्हणून बाहेरून ॲडव्हेंटिशिया, फक्त पोटातल्या छोट्या तुकड्याला सिरोसा.

आवरण एकाच थराचं असेल तर दुसरा प्रश्न, वर उठलेली बोटं आहेत की नुसते खाली गेलेले खड्डे? बोटं म्हणजे व्हिलाय म्हणजे लहान आतडं, संशय नको. पण नुसती घडी आणि व्हिलस यात गल्लत होते, तेव्हा आतला गाभा बघा. घडीच्या गाभ्यात सबम्युकोसा शिरलेला असतो, व्हिलसच्या गाभ्यात फक्त लॅमिना प्रोप्रिया. ती बारीक स्नायूंची पट्टी शोधा म्हटलं होतं ना, इथं लागते.

आणि तिरप्या कापात गोल दिसलं तर? बेट की विहीर, एवढंच ठरवायचं. बाहेरून पेशींची किनार आणि आत ऊती असेल तर ते बेट, म्हणजे आडवा कापलेला व्हिलस. पेशींची किनार आणि मधोमध पोकळी असेल तर ती विहीर, म्हणजे खाली गेलेला खड्डा, क्रिप्ट. माझ्या लॅबमध्ये फळ्यावर मोठ्या अक्षरात हे दोनच शब्द लिहिलेले आहेत, बाकीचा फळा दरवर्षी पुसतो, हे पुसत नाही.

लहान आतडं ठरलं की तिसरा प्रश्न, सबम्युकोसात काय आहे? फिकट ग्रंथींचे झुबके असतील तर ड्युओडेनम, त्या ब्रुनरच्या ग्रंथी, अल्कली श्लेष्मा सोडतात कारण जठरातलं आम्ल पहिल्यांदा तिथंच येऊन पडतं. तुकडा घेताना जठराच्या लगेच पुढचा घ्या. अख्ख्या पचनमार्गात सबम्युकोसात ग्रंथी दोनच ठिकाणी, अन्ननलिका आणि ड्युओडेनम, आणि दोघांची वरची आवरणं इतकी वेगळी की चूक व्हायला नको. होते मात्र. कारण? फॉर्टी एक्स. सबम्युकोसात काहीच नाही आणि व्हिलाय छान उंच, तर जेजुनम. जांभळ्या ठिपक्यांचे, म्हणजे लिम्फोसाइटचे, मोठे गोल पुंजके एकाला एक लागून असतील तर इलियम. ते पायरचे पॅच, स्वित्झर्लंडच्या योहान पायरनं १६७७ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. एखाददुसरा सुटा पुंजका कुठंही दिसतो, त्यावर इलियम ठरवू नका, आणि तुकडा कोवळ्या बोकडाचा असेल तर ते जास्त ठसठशीत दिसतात.

आत्ता कुठे फॉर्टी एक्स लावा. व्हिलसवरच्या उभ्या पेशींच्या टोकाला चकचकीत गुलाबी किनार दिसेल, ब्रश बॉर्डर. त्यातला एकेक मायक्रोव्हिलस दिसायचा नाही, तो ०.१ मायक्रॉन जाड आणि आपल्या मायक्रोस्कोपची हद्द ०.२ च्या आसपास. मधे मधे पांढरे फुगलेले चंबू, त्या गॉब्लेट पेशी, आतल्या श्लेष्म्याला साधा रंग नीट चढत नाही म्हणून रिकाम्या दिसतात. पीएएस रंग दिला तर गडद किरमिजी होतात. क्रिप्टच्या तळाशी लालभडक दाणेवाल्या पेशी असतील तर त्या पॅनेथच्या, जंतू मारणारा माल साठवतात. नव्या पेशी या क्रिप्टमध्येच जन्मतात, वर सरकत जातात आणि चार-पाच दिवसांत व्हिलसच्या टोकावरून गळतात, म्हणजे गेल्या रविवारी जेवताना तुमच्या व्हिलसवर होत्या त्या पेशी आज बहुतेक नाहीत.

बोटं नाहीत, नुसते खड्डेच, तर जठर की मोठं आतडं? गॉब्लेट शोधा. निरोगी जठरात गॉब्लेट पेशी नसतातच, वरची प्रत्येक पेशीच श्लेष्मा करते. जठरात खड्ड्यांखाली दाटीवाटीनं ग्रंथी, त्यात गुलाबी मोठ्या पेशी, मधोमध गोल न्यूक्लिअस, तव्यावरच्या अर्धकच्च्या अंड्यासारख्या, त्या पराएटल, आम्ल आणि बी-१२ शोषायला लागणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टर करतात. तळाकडे निळसर त्या चीफ, पेप्सिनोजेन करतात. पायलोरसकडे, म्हणजे जठराच्या शेवटच्या टोकाकडे, आलात की खड्डे खोल आणि ग्रंथी आखूड, वेड्यावाकड्या, आणि हा गुलाबी-निळा खेळ जवळजवळ संपतो. जठराला आतून एक तिरका स्नायूंचा थरही जास्त असतो, पण स्लाईडवर तो स्वच्छ दिसेलच असं नाही, त्यावर विसंबू नका.

जठराच्या स्लाईडकडे नीट बघण्याचं मोल ऑस्ट्रेलियात पर्थच्या रॉबिन वॉरेननं दाखवलं. जठराच्या आम्लात जंतू टिकत नाहीत असं सगळे मानत असताना १९७९ मध्ये त्याला बायोप्सीच्या स्लाईडवर, श्लेष्म्याखाली, वाकडे जंतू दिसले. पुढे बॅरी मार्शलनं ते जंतू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं, आणि २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

मोठं आतडं सगळ्यात सोपं. सरळसोट नळ्या, परीक्षानळ्या स्टँडमध्ये लावाव्यात तशा, एकाला एक समांतर, आणि पांढऱ्या गॉब्लेटनी भरलेल्या. अपेंडिक्स म्हणजे हेच, फक्त छोटं गोल आणि भोवती जांभळ्या पुंजक्यांचं कडं. परीक्षक कधी कधी खोडी काढून मधेच पित्ताशय ठेवतात, त्यात घड्या भरपूर दिसतात पण गॉब्लेट नाहीत, ती बारीक स्नायूंची पट्टी नाही आणि सबम्युकोसाही नाही. पट्टी शोधायची सवय असेल तर दहा सेकंदांत पकडाल.

मासे

हौस असेल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तेव्हा सकाळी किनाऱ्यावर जा, बाजारातला मासा नको, तोवर त्याचं आतडं विरघळलेलं असतं. बोय मिळाली तर सोडू नका, चिखल खाणारा मासा, त्याच्या जठराचा भाग कोंबडीच्या पेटीसारखा जाड स्नायूंचा असतो आणि फोर एक्सवर तो गुलाबी पट्टा बघून पोरं दरवेळी अवाक होतात. माशांत बहुधा क्रिप्ट सापडत नाहीत, व्हिलायच्या जागी घड्याच असतात, आणि रोहूला तर जठरच नाही, तेव्हा वरची प्रश्नावली तिथं जशीच्या तशी लावू नका.

स्लाईड्स डीपीएक्स पूर्ण वाळल्याशिवाय उभ्या लावायच्या नाहीत. पावसाळ्यात स्लाईडच्या पेटीत सिलिका जेलची पुडी टाका, मायक्रोस्कोपच्या लेन्सवर बुरशी धरते म्हणून ऑब्जेक्टिव्ह काढून हवाबंद डब्यात सिलिकासोबत ठेवा, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवून परत वापरा. आणि लेबल पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई झायलीन लागलं की जाते, मग बोकडाची अन्ननलिका कुठली आणि माणसाची कुठली हे परीक्षेच्या सकाळी शोधत बसावं लागतं.